मालकपक्षाचा वकील : कामगार कायद्यातील कार्यस्वरूप आणि मर्यादा

प्रस्तावना

औद्योगिक संबंधांच्या अभ्यासात मालक, कामगार, कामगार संघटना आणि शासन या चार घटकांचा विचार नेहमीच केला जातो. पाचव्या घटकाकडे मात्र अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. हा घटक म्हणजे मालकाच्या बाजूने कामगार न्यायालयात उभा राहणारा वकील. कामगार चळवळीच्या साहित्यात त्याचे जे चित्र येते ते बहुधा एकरंगी असते. तो तारखा मागून घेतो, तांत्रिक मुद्दे उपस्थित करतो आणि गरीब कामगाराला दमवतो. व्यवस्थापनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत तर तो जवळजवळ नसतोच. तेथे 'कायदेविषयक सल्ला घ्यावा' एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण केलेली असते. प्रत्यक्षात मालकपक्षाच्या वकिलाचे महत्त्वाचे काम न्यायालयात होत नाही. ते कामगाराला आरोपपत्र देण्याच्या आधीच सुरू होते, आणि त्यात अशिलाला 'हे करू नका' असे सांगण्याचा भाग फार मोठा असतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून या कामाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. महाविद्यालयीन अध्यापकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. शिक्षणसंस्था हीदेखील एक नियोक्ता आहे, आणि अनेक अध्यापकांना कधी ना कधी चौकशी समितीच्या टेबलाच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला बसावे लागते.

एकच गैरवर्तन, दोन निकाल

कामावर असताना झोपणे हे गैरवर्तन आहे, याविषयी कोणाचेही दुमत असण्याचे कारण नाही. परंतु याच गैरवर्तनाबद्दल झालेल्या बडतर्फीसंबंधी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल परस्परविरुद्ध दिशांना गेलेले आहेत. दोन्ही प्रकरणे महाराष्ट्रातील आहेत आणि दोन्ही एकाच राज्य अधिनियमाखाली उद्भवलेली आहेत.

पहिले प्रकरण कलर-केम कंपनीचे असून त्याचा निकाल १९९८ मध्ये लागला. रात्रपाळीत पहाटे साडेतीनच्या सुमारास यंत्रे चालू असताना कामगार झोपलेले आढळले. त्या पाळीत झोपलेल्यांमध्ये इतरही लोक होते आणि मजुरांना व्यवस्थापनाने हलकी शिक्षा देऊन सोडले होते. बडतर्फी मात्र ऑपरेटरांच्या वाट्याला आली. न्यायालयाने गैरवर्तन घडल्याचे नाकारले नाही. शिक्षा मात्र अपराधाच्या मानाने धक्कादायक वाटावी इतकी विषम आहे, असे ठरवले आणि अशी शिक्षा देणे हीच एक प्रकारची सूडबुद्धी होय, असा अर्थ लावला. बडतर्फी टिकली नाही.

दुसरे प्रकरण पुण्याच्या भारत फोर्जचे. ऑगस्ट १९८३ मध्ये सकाळच्या पाळीत, दुपारी बाराच्या थोडे आधी, एक कामगार कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची बडतर्फी योग्य ठरवली. त्या कामगाराला यापूर्वी तीन वेळा गैरवर्तनाबद्दल दोषी धरण्यात आले होते आणि प्रत्येक वेळी किरकोळ शिक्षेवर भागवण्यात आले होते, ही बाब न्यायालयाने विचारात घेतली. पूर्वेतिहास पाहता ही शिक्षा धक्कादायक म्हणता येणार नाही, असे मत न्यायालयाने दिले.

रात्र आणि दिवस, सर्व जण झोपणे आणि एकानेच झोपणे, असे फरक या दोन प्रकरणांत आहेतच. तथापि मालकपक्षाच्या वकिलाच्या दृष्टीने या निकालांतून जे हाती लागते ते काहीसे वेगळे आहे. दुसऱ्या प्रकरणात मालकाजवळ आधीच्या तीन शिक्षांची नोंद होती. ज्या पर्यवेक्षकाने आणि ज्या कर्मचारी अधिकाऱ्याने पूर्वी त्या लहानशा शिक्षांचे कागद रीतसर तयार करून ठेवले, त्यांनी तो खटला बऱ्याच अंशी तेव्हाच लढवला होता. न्यायालयात उभ्या राहिलेल्या वकिलाने ते कागद वाचून दाखवले. म्हणूनच या क्षेत्रातील अनुभवी वकील नव्या अशिलाला प्रथम कायदा सांगत नाही. तो फाईल मागतो.

वकिलाला अर्धे उघडे दार

कामगार कायद्यातील वकिलाचे स्थान इतर न्यायालयांतील वकिलासारखे नाही. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम ३६ नुसार समेट अधिकाऱ्यासमोर कोणत्याही पक्षाला वकिलामार्फत हजर होता येत नव्हते. कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायाधिकरणात वकील देण्यासाठी दोन अटी होत्या : समोरच्या पक्षाची संमती आणि न्यायाधिकरणाची परवानगी. पारादीप पोर्ट ट्रस्ट प्रकरणात १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अटी बंधनकारक असल्याचे स्पष्ट केले. मात्र एखादा वकील मालकांच्या संघटनेचा खराखुरा पदाधिकारी असेल, तर तो त्या नात्याने हजर राहू शकतो, असेही न्यायालयाने सांगितले. या एका वाटेने अनेक वकील मालकसंघटनांच्या पदाधिकारी यादीत जाऊन बसले, हा या इतिहासातला थोडा गमतीचा भाग होय. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही संमती आणि परवानगीची अट कायम आहे.

या निर्बंधामागची भूमिका समजण्यासारखी आहे. मालकाला महागडा वकील परवडतो, एकट्या कामगाराला परवडत नाही. तेव्हा दोघांनी शक्यतो वकिलावाचून बोलावे, असे विधिमंडळाला अभिप्रेत होते. प्रत्यक्षात कामगारपक्षही वकील किंवा जाणकार युनियन प्रतिनिधी देतो आणि संमती बहुधा मिळून जाते. पण या तरतुदीचा एक परिणाम खोलवर झाला. समेटाच्या टेबलावर वकील नसल्यामुळे त्याला आपले सर्व म्हणणे आधीच व्यवस्थापकाच्या तोंडी द्यावे लागते. मागणीपत्रावरील उत्तर, समेट अधिकाऱ्यापुढचे लेखी म्हणणे आणि वेतनकराराचा मसुदा या सर्वांवर सही कार्मिक व्यवस्थापकाची असते, भाषा मात्र वकिलाची असते.

करार कोठे होतो याचाही वकिलाला विचार करावा लागतो. समेट प्रक्रियेच्या ओघात झालेला करार आस्थापनेतील सर्व कामगारांवर, सभासद असोत वा नसोत, बंधनकारक होतो. समेटाबाहेर परस्पर केलेला करार केवळ सही करणाऱ्या पक्षांनाच बांधतो. जेथे दोन युनियन आहेत, तेथे हा फरक लाखो रुपयांचा असू शकतो. एका युनियनशी परस्पर करार करून निश्चिंत झालेल्या व्यवस्थापनाला दुसऱ्या युनियनच्या सभासदांकडून तोच विषय पुन्हा ऐकावा लागतो.

चौकशीची फाईल

शिस्तभंगाच्या कारवाईचा क्रम सर्वपरिचित आहे : तक्रार, आरोपपत्र, खुलासा, चौकशी, चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल, दुसरी कारणे दाखवा नोटीस आणि आदेश. यातील प्रत्येक पायरीवर वकिलाचा हात असतो, परंतु तो दिसता कामा नये, अशी अपेक्षा असते. याला कायदेशीर कारण आहे. मुंबई बंदराच्या विश्वस्त मंडळाने एका कर्मचाऱ्याच्या खातेनिहाय चौकशीत आपली बाजू मांडण्यासाठी विधी विभागातील प्रशिक्षित अधिकारी नेमले आणि कर्मचाऱ्याला मात्र वकील नाकारला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध ठरवले. मालकाच्या बाजूने कायद्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती बसणार असेल, तर समोरच्यालाही तशी मदत मिळाली पाहिजे. तेव्हापासून शहाणा वकील चौकशीच्या खोलीत सहसा बसत नाही. तो आदल्या दिवशी साक्षीदाराशी बोलतो, प्रश्नांचा क्रम लावून देतो आणि घरी जातो.

आरोपपत्र हा या फाईलचा कणा. 'तुमचे वर्तन असमाधानकारक आहे' असे लिहिलेले आरोपपत्र म्हणजे भविष्यातील पराभवाची पावती. तारीख, वेळ, जागा, प्रत्यक्ष शब्द किंवा कृती आणि स्थायी आदेशांतील नेमके कलम, एवढ्या गोष्टी त्यात हव्यात. जे आरोपपत्रात नाही ते शिक्षेच्या आदेशात येता कामा नये. पूर्वीच्या गैरवर्तनाचा आधार घ्यायचा असेल, तर त्याचीही कल्पना कामगाराला आधी द्यावी लागते. चिडलेल्या व्यवस्थापकाला हे पटवणे अवघड जाते. त्याच्या मते 'सगळ्या खात्याला माहीत आहे' हा पुरेसा पुरावा असतो. चौकशीत मात्र खाते साक्षीला येत नाही. एखादा फोरमन येतो, आणि बहुधा तोही त्याच वस्तीत राहणारा असतो.

गैरहजेरीच्या प्रकरणांत तर वकिलाला वारंवार हात धरावा लागतो. आठ-दहा दिवस न सांगता गैरहजर राहिलेल्या कामगाराचे नाव हजेरीपटावरून आपोआप कमी होते, अशी तरतूद अनेक स्थायी आदेशांत असे. डी. के. यादव प्रकरणात १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशी तरतूद असली तरी कामगाराला बाजू मांडण्याची संधी दिल्याशिवाय त्याची उपजीविका काढून घेता येत नाही. निकालाला तीन दशके उलटली तरी 'नाव आपोआप कमी झाले आहे' अशी पत्रे लघुउद्योगांतून निघतच असतात. ही पत्रे वकिलाला दाखवली जातात ती रवाना झाल्यानंतर.

आणखी एक पायरी अशी आहे की ती विसरल्यास सगळी चौकशी वाया जाते. कामगाराचा एखादा विवाद न्यायाधिकरणापुढे प्रलंबित असताना, त्या विवादाशी संबंध नसलेल्या गैरवर्तनाबद्दलही त्याला बडतर्फ करायचे असेल, तर एक महिन्याचे वेतन देऊन त्याच न्यायाधिकरणाकडे मंजुरीसाठी अर्ज करावा लागतो. १९४७ च्या अधिनियमात ही तरतूद कलम ३३(२)(ब) मध्ये होती. अर्जच केला नाही तर काय, याविषयी मतभेद होते. जयपूर जिल्हा सहकारी भूमी विकास बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने २००२ मध्ये तो मिटवला : अर्ज न केल्यास किंवा मंजुरी नाकारली गेल्यास बडतर्फीचा आदेश मुळातच निष्फळ ठरतो. त्यामुळे बडतर्फीच्या आदेशाचा मसुदा मागणाऱ्या अशिलाला वकिलाचा पहिला प्रश्न असतो, 'सध्या तुमच्याकडे कोणते विवाद चालू आहेत?' गैरवर्तनाचे स्वरूप त्यानंतर विचारले जाते.

चौकशीच सदोष ठरली तर मालकाचे सर्व संपते असे मात्र नाही. १५ डिसेंबर १९७१ पासून अमलात आलेल्या कलम ११अ ने न्यायाधिकरणाला शिक्षा बदलण्याचा आणि पुरावा स्वतः तपासण्याचा अधिकार दिला. फायरस्टोन प्रकरणात १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ सांगताना, सदोष चौकशीनंतरही न्यायाधिकरणापुढे नव्याने पुरावा देऊन गैरवर्तन सिद्ध करण्याचा मालकाचा हक्क मान्य केला. हा हक्क केव्हा मागायचा? १९८३ च्या शंभुनाथ गोयल प्रकरणात ठरले, की तो अगदी प्रारंभीच्या लेखी कैफियतीतच मागितला पाहिजे. २००१ मध्ये घटनापीठाने हाच नियम कायम केला. लेखी कैफियतीच्या शेवटी येणारे ते एक वाक्य, 'चौकशी अयोग्य ठरल्यास न्यायालयासमोर पुरावा देण्याची परवानगी असावी', बाहेरच्या वाचकाला साच्यातले वाटते. ते राहून गेल्यास मात्र वर्षानुवर्षांची फाईल त्या एका ओळीअभावी कोसळू शकते.

महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम

महाराष्ट्रातील मालकपक्षाच्या वकिलाला इतर राज्यांतील सहव्यवसायिकांपेक्षा वेगळ्या रणांगणावर उभे राहावे लागते, याचे कारण १९७१ चा राज्य अधिनियम. 'महाराष्ट्र कामगार संघटनांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत' असे त्याचे लांबलचक नाव आहे आणि सप्टेंबर १९७५ पासून तो अमलात आला. केंद्रीय अधिनियमाखाली कामगाराचा विवाद पूर्वी शासनाने न्यायनिर्णयासाठी पाठवल्याशिवाय न्यायालयात पोहोचत नसे. या राज्य अधिनियमाने कामगाराला नव्वद दिवसांच्या आत थेट तक्रार करण्याची वाट दिली, आणि त्याबरोबर अंतरिम आदेशाची सोयही दिली.

अंतरिम आदेशाने वकिलाच्या कामाची गतीच बदलली. हिंदुस्थान लिव्हर प्रकरणात १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की बडतर्फीचा अंतिम आदेश निघण्याची वाट न पाहता, त्या दिशेने पावले पडू लागताच कामगार तक्रार दाखल करू शकतो. म्हणजे चौकशी चालू असतानाच मालकपक्षाच्या वकिलाला न्यायालयात उत्तर द्यावे लागते. फाईल त्या क्षणी जशी असेल तशीच न्यायाधीशांसमोर जाते. नंतर ती नीटनेटकी करण्याची सवड मिळत नाही.

या अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीत मालकांच्या अनुचित प्रथांची यादी आहे. कामगारांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते ठेवून कायम कामगारांचे लाभ नाकारणे ही त्यातली एक. वर्षात २४० दिवस भरण्याआधी कामगाराला काही दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा घ्यायचे, ही प्रथा किती रुजलेली आहे ते सांगण्याची गरज नाही. येथे वकिलाच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते. 'ब्रेक कसा द्यावा' हे अशील विचारतो. त्याचे तांत्रिक उत्तर देणारे वकील आहेत. परंतु काम बारमाही आहे, माणूस तोच आहे आणि खंड केवळ कागदावर आहे, हे दिसत असेल, तर ती व्यवस्था आज ना उद्या याच अनुसूचीखाली अडकणार, हे सांगणे हाच खरा सल्ला होय. भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांतही अशिलाला अनुचित मार्गांपासून परावृत्त करण्याचा प्रयत्न करावा, असे वकिलाचे कर्तव्य सांगितलेले आहे. ते बहुधा विसरले जाते.

अनुचित प्रथा केवळ मालकच करतात असे या अधिनियमाने मानलेले नाही. तिसऱ्या अनुसूचीत संघटनांच्या अनुचित प्रथा आहेत. हेतुतः मंदगतीने काम करणे, पाळी संपल्यावर कारखान्यात ठाण मांडून बसणे, घेराव घालणे यांचा त्यात समावेश होतो. अशा प्रसंगी मालकपक्षाचा वकील तक्रारदाराच्या भूमिकेत येतो. अनुभव असा, की न्यायालयाकडून प्रवेशद्वारापासून अमुक अंतरावर निदर्शने करण्याचा आदेश मिळवणे सोपे असते. मंदगती सिद्ध करणे कठीण. त्यासाठी आधीच्या अनेक महिन्यांच्या उत्पादनाचे पाळीनिहाय आकडे लागतात, आणि ते नेमके त्याच कारखान्यात नसतात जेथे त्यांची गरज पडते.

कपात, बंद आणि कंत्राट

कामगार कपातीच्या प्रकरणांत कायद्याचे गणित बरेच ठरलेले आहे. एक महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी वेतन, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. ही रक्कम कपातीच्या वेळीच द्यावी लागते, नंतर नव्हे. मोठ्या कारखान्यांना शासनाची पूर्वपरवानगीही लागते. ती देण्या-नाकारण्याच्या अधिकाराचा इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. एक्सेल वेअर या मुंबईतील तयार कपड्यांच्या कारखान्याने बंद करण्याची परवानगी नाकारली गेल्यावर थेट सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि १९७८ मध्ये कलम २५-ओ त्या वेळच्या स्वरूपात घटनाबाह्य ठरले. संसदेने ते दुरुस्त करून पुन्हा आणले. २००२ मध्ये दुरुस्त कलम वैध ठरले.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. स्टील ॲथॉरिटी प्रकरणात २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आल्याने कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत. मात्र कंत्राट हा केवळ देखावा असेल तर ते पहिल्यापासून मुख्य मालकाचेच कामगार ठरतात. त्याच वर्षीच्या सिप्ला प्रकरणात, आधी मालक-कामगार नाते प्रस्थापित झाल्याशिवाय राज्य अधिनियमाखालील तक्रार चालत नाही, असा निर्णय झाला. मालकपक्षाच्या वकिलांना हा निकाल ढालीसारखा उपयोगी पडला. ढाल असली तरी देखावा उघडा पडायला मोठे पुरावे लागत नाहीत. कंत्राटी कामगाराच्या रजेच्या अर्जावर कंपनीच्या पर्यवेक्षकाची सही असणे, ठेकेदार बदलला तरी तीच माणसे त्याच यंत्रावर राहणे, एवढ्यानेही प्रश्न उभा राहतो. म्हणून वकील कारखान्यात फेरी मारतो तेव्हा करारनाम्यापेक्षा हजेरीची वही अधिक लक्षपूर्वक पाहतो.

विलंबाचा प्रश्न

मालकपक्षाच्या वकिलावरील सर्वांत गंभीर आक्षेप विलंबाचा आहे आणि तो निराधार नाही. भारत फोर्ज प्रकरणात घटनेपासून अंतिम निकालापर्यंत एकवीस वर्षांहून अधिक काळ गेला. एवढ्या काळात कामगाराचे तरुणपण सरते, मुलांची शिक्षणे अर्धवट राहतात. प्रत्येक तारखेला जो माणूस रोजगार बुडवून येतो आणि जो पगारी अधिकारी कंपनीच्या गाडीने येतो, त्यांना एक स्थगिती सारखी महाग पडत नाही. विलंब हे हत्यार म्हणून वापरले जाते, हे मान्यच करावयास हवे.

विधिमंडळाने यावर एक उपाय १९८२ च्या दुरुस्तीने केला. कामगाराला कामावर परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात गेला, तर त्या काळात कामगाराला शेवटच्या दराने वेतन देणे कलम १७ब नुसार बंधनकारक झाले. कामगार दुसरीकडे पुरेशा वेतनावर नोकरी करत नसावा, एवढीच अट. यामुळे अपिलाचा सल्ला देताना वकिलाला एक हिशेब मांडावा लागू लागला : खटला किती वर्षे चालेल आणि तेवढ्या वर्षांचे वेतन, काम न घेता, द्यायचे काय?

दुसरा हिशेब मागील वेतनाचा. या प्रश्नावरचा आजही सर्वाधिक आधार घेतला जाणारा निकाल कारखान्यातला नाही. तो महाराष्ट्रातील एका शिक्षणसंस्थेतील शिक्षिकेचा आहे. तिची सेवासमाप्ती शाळा न्यायाधिकरणाने रद्द करून पूर्ण मागील वेतन दिले. उच्च न्यायालयाने मागील वेतनाचा भाग काढून टाकला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा बहाल केला आणि सांगितले, की बेकायदा बडतर्फीनंतर सेवासातत्य व मागील वेतन देणे हा सर्वसाधारण नियम आहे. कामगाराने आपण बेरोजगार असल्याचे शपथेवर सांगितले, की तो अन्यत्र कमावत होता हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर येते.

या दोन्ही गोष्टींमुळे विलंब मालकालाही परवडेनासा झाला. परिणामी अनेक वकील पहिल्या वर्षातच तडजोडीची रक्कम काढून अशिलासमोर ठेवतात. अशिलाला हा सल्ला दुबळेपणाचा वाटतो, वकिलाच्या फीचेही त्यात नुकसानच असते. तरीही एका बडतर्फीच्या खटल्यात पाच वर्षांनी हरण्याची किंमत आणि आज दिलेली सन्मानजनक रक्कम यांची तुलना कागदावर मांडून दाखवणे हे त्याचे काम आहे. ही तुलना न मांडणारा वकील अशिलाचाही हितकर्ता नव्हे.

नव्या संहिता

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता अमलात आल्या. औद्योगिक संबंध संहितेने १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम, १९२६ चा कामगार संघटना अधिनियम आणि १९४६ चा स्थायी आदेश अधिनियम निरसित केले. महाराष्ट्राचा १९७१ चा अधिनियम संहितेतील निरसनाच्या यादीत नाही, ही बाब येथील वकिलांना विसरून चालत नाही. कपात व बंद यांसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर गेली. स्थायी आदेशांची सक्तीही तीनशे कामगारांपासून पुढे आहे. बडतर्फीचा विवाद उपस्थित करण्याची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षे झाली. निलंबित कामगाराची चौकशी सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांत संपवावी, अशी अपेक्षा आहे. मुदतबंद नोकरीला कायद्यात स्पष्ट स्थान मिळाले. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व लाभ, आणि एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर उपदान द्यावे लागते.

स्थायी आदेश लागू नसलेल्या छोट्या कारखान्यात व्यवस्थापनाचे हात मोकळे झाले, असा समज पसरताना दिसतो. तो घातक आहे. गैरवर्तन म्हणजे काय हे लिहिलेले नसेल, तर मालकाला कामगारावर कोणत्या नियमाच्या भंगाचा आरोप ठेवता येईल हाच प्रश्न उभा राहतो. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे तीनशेच्या आकड्यावर अवलंबून नाहीत.

शिक्षणसंस्था नियोक्ता म्हणून

अध्यापक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने 'कामगार' नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शाळेतील शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले. १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लाय निकालाने शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरली होती, तरी शिकवणे हे हातकाम नव्हे, कारकुनी नव्हे आणि तांत्रिक कामही नव्हे, असा तो युक्तिवाद होता. त्यामुळे अध्यापकाला कामगार न्यायालयाचे दार बंद झाले. खाजगी शाळांसाठी १९७७ च्या अधिनियमाखालील शाळा न्यायाधिकरण आणि महाविद्यालयांसाठी २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखालील विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण ही त्याची ठिकाणे होत.

दार वेगळे असले तरी आत गेल्यावर फाईल तीच असते. संस्थेचा वकील जेव्हा बडतर्फ अध्यापकाच्या अपिलाचे उत्तर तयार करायला बसतो, तेव्हा तो संस्थेकडे नेमणूकपत्र, विद्यापीठाची मान्यता, सेवापुस्तिका आणि चौकशी समितीच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त मागतो. नेमणूक स्वच्छ रिक्त पदावर परिविक्षाधीन होती की केवळ शैक्षणिक वर्षापुरती होती, एवढ्या एका प्रश्नावर प्रकरण फिरू शकते. आणि अनेकदा नेमणूकपत्रात दोन्ही प्रकारची वाक्ये एकाखाली एक आढळतात. समितीच्या सदस्याने न वाचता सही केलेले इतिवृत्तही याच फाईलमध्ये असते. त्या सदस्याला, तो अध्यापक असला तरी, उलटतपासणीत त्याच सहीबद्दल पहिला प्रश्न विचारला जातो.